बदक तोंडात, नजर माणसाकडे

अमेरिकेत ‘वन्यजीव चित्रं’ म्हणून चौकटीत बसवून विकल्या जाणाऱ्या प्रतींचा एखादा कॅटलॉग चाळायला घ्या. सुरुवातीची पानं अपेक्षेप्रमाणेच असतात. बर्फात उभा लांडगा, धुक्यातून डोकावणारा एल्क, पंख पसरलेला पांढऱ्या डोक्याचा गरुड, धबधब्यात मासे पकडणारं अस्वल. आणि मग त्याच रांगेत, जराही संकोच न बाळगता, एक काळा लॅब्रॅडॉर येऊन बसलेला असतो. कधी गवतात, कधी होडीच्या टोकाला, कधी तोंडात बदक धरून. जो प्राणी स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज तीन खोल्या पलीकडून ओळखतो आणि पंख्याखाली पाय वर करून झोपतो, तो ‘वन्यजीव’ कसा काय?

उत्तर कुत्र्यात शोधून सापडत नाही, ते बदकात आहे. या चित्रांमधलं वन्य जे काही आहे, ते आकाशात किंवा कुत्र्याच्या तोंडात असतं. लॅब्रॅडॉर तिथे आला तो पाणथळीतल्या शिकारीचा जोडीदार म्हणून, आणि तो चित्रात पक्का बसला त्यामागे एका सरकारी तिकिटाचा मोठा हात आहे.

१९३०च्या दशकात उत्तर अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला. त्याआधीच शेतीसाठी दलदली उपसून कोरड्या केल्या जात होत्या. स्थलांतर करणाऱ्या बदकांची संख्या झपाट्याने घसरली. १९३४मध्ये कायदा झाला, की सोळा वर्षांवरील प्रत्येक बदकशिकाऱ्याने दरवर्षी एक केंद्रीय तिकीट विकत घ्यायचं आणि त्याचा पैसा पाणथळ जागा राखण्यावर खर्च व्हायचा. किंमत एक डॉलर. पहिल्या तिकिटाचं चित्र जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढलं. ते आयोवातले नावाजलेले व्यंगचित्रकार, आणि त्या वेळी वन्यजीवांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचे प्रमुखही तेच होते. आज हे तिकीट पंचवीस डॉलरला मिळतं, आणि त्यातला दर डॉलरमागे ९८ सेंट इतका वाटा थेट पाणथळ जागांकडे जातो. आजवर यातून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमली आहे आणि सुमारे ६० लाख एकर जागा राखली गेली आहे. शिकाऱ्यांच्या खिशातून पक्ष्यांचं घर वाचवण्याची ही तऱ्हा आपल्याला चमत्कारिक वाटते, पण हिशेब चोख आहे.

१९४९पासून तिकिटावरच्या चित्रासाठी खुली स्पर्धा होऊ लागली. जिंकणाऱ्या चित्रकाराला सरकार पैसे देत नाही, त्याच्या हाती तिकिटांचा एक ताव पडतो. तरीही चित्रकार या स्पर्धेसाठी जीव टाकतात, कारण त्याच चित्राच्या मोठ्या प्रती काढून विकण्याचा हक्क त्यांच्याकडे राहतो. सही केलेली प्रत आणि तिच्याखाली तिकीट एकाच चौकटीत बसवायचं, ही पद्धत इथूनच रुळली. ‘फार्गो’ हा १९९६चा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, त्यातल्या गरोदर पोलीस अधिकारी बाईचा नवरा घरी बसून बदक रंगवत असतो आणि हॉटमन भावांच्या नावाने कुरकुरतो. ते भाऊ काल्पनिक नाहीत. मिनेसोटातल्या तीन सख्ख्या भावांनी ही स्पर्धा अनेकदा मारली आहे.

१९५९चा विषय वेगळा होता. जखमी होऊन गवतात पडलेलं बदक सापडलं नाही, तर ते शिकाऱ्याच्याही उपयोगाचं नाही आणि निसर्गाच्या हिशेबातूनही गेलं. चांगला कुत्रा असेल तर असं वाया जाणं कमी होतं, म्हणून त्या वर्षी तिकिटावर पक्षी आणून देणारा कुत्रा हवा असं ठरलं. आयोवातले मेनार्ड रीस यांनी ‘किंग बक’ नावाच्या काळ्या लॅब्रॅडॉरचं डोकं काढलं. तोंडात हिरव्या डोक्याचा मॅलार्ड नर, मागे पाणगवत आणि उडणारी बदकं. तिकीट निळ्या, पिवळसर मातकट आणि काळ्या रंगात छापलं गेलं. बदकांसाठी काढलेल्या तिकिटावर कुत्रा मुख्य जागी बसला, तो पहिल्यांदाच. रीस यांची चित्रं एकूण पाच वेळा तिकिटावर आली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच चित्र.

किंग बकची गोष्ट चित्राइतकीच रंजक आहे. पिल्लू असताना त्याला डिस्टेंपर हा आजार झाला होता आणि तो वाचेल अशी आशा कोणी धरली नव्हती. पन्नास डॉलरला विकत घेतलेलं ते पिल्लू जगलं, पुढे इलिनॉयमधले काडतूस उद्योजक जॉन ऑलिन यांच्याकडे गेलं आणि त्याने १९५२ व १९५३ अशी सलग दोन वर्षं पक्षी आणून देणाऱ्या कुत्र्यांची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्याच्याही आधी, डिसेंबर १९३८मध्ये, ‘ब्लाइंड ऑफ आर्डन’ नावाचा काळा लॅब्रॅडॉर ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. तोपर्यंत अमेरिकेत ही जात श्रीमंतांच्या जमीनजुमल्यावरच दिसायची. मुखपृष्ठाने तिला घरोघरी ओळख दिली, तिकिटाने भिंत मिळवून दिली.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत या प्रतींचा बाजार तेजीत आला. ‘डक्स अनलिमिटेड’ ही पाणथळींसाठी काम करणारी संस्था गावोगाव जेवणावळी भरवायची आणि तिथे चित्रांचे लिलाव व्हायचे. साउथ डाकोटातले टेरी रेडलिन तर इतके खपले, की वॉटरटाउन या त्यांच्या गावी १९९७मध्ये त्यांच्या चित्रांसाठी अख्खं कलादालन उभं राहिलं. तांबूस संध्याकाळ, खिडकीतला दिवा, परतणारी बदकं आणि होडी ओढणाऱ्या माणसाबरोबर कुत्रा, हा त्यांचा ठरलेला मसाला. समीक्षक नाक मुरडत राहिले, लोक घेत राहिले. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे.

या प्रतींच्या खालच्या कडेला पेन्सिलीने डावीकडे ४१२/९५० असा आकडा आणि उजवीकडे सही असते. म्हणजे ९५० प्रतींपैकी ही ४१२वी. यावरून पुष्कळांचा समज होतो, की चित्रकाराने प्रत्येक प्रत स्वतः दगडावरून किंवा तांब्याच्या पत्र्यावरून उमटवली आहे. रीस यांच्या पिढीने तसं काम केलंही. नंतरच्या बहुतेक प्रती मात्र मूळ चित्राचा फोटो घेऊन ऑफसेटवर छापलेल्या आहेत. भिंग धरलं की निळे, तांबडे, पिवळे, काळे ठिपके वेगवेगळे दिसतात, लग्नपत्रिकेवर दिसतात तसेच. अलीकडे इंकजेटवर काढलेल्या प्रती येतात, त्यांत ठिपक्यांची अशी जाळी नसते. काही प्रतींच्या समासात चित्रकाराने हाताने छोटंसं रेखाचित्र काढून दिलेलं असतं. अशी प्रत खरोखर एकमेव. बाकी ‘मर्यादित’ या शब्दावर फार विसंबू नये. तेजीच्या काळात एकेका चित्राच्या प्रती हजारांच्या घरात गेल्या आणि गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांचे हात पोळले. चित्र आवडलं म्हणून घेणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही.

काळा कुत्रा रंगवणं हे कठीण काम. काळा रंग सरळ फासला तर कागदावर कुत्र्याच्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून जाणता चित्रकार पाठीवर आकाशाचा निळा टाकतो, पोटाखाली गवताचा पिवळा उचलतो, कानाच्या कडेला तपकिरी झाक देतो आणि निव्वळ काळा फक्त घडीत आणि सावलीत राखून ठेवतो. ओल्या केसांचे टोकदार झुबके मानेवर कसे चिकटतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याचा लॅब्रॅडॉर मखमली खेळण्यासारखा होतो. खरं कौशल्य डोळ्यांत आहे. या जातीच्या नजरेत जे आर्जव आहे, ते एक रेघ जास्त झाली की केविलवाणं होतं.

आता या चित्रांत नेहमी दिसणारा प्रसंग घेऊ. पहाटेची वेळ, पाणी गोठायच्या बेतात. शिकारी पाणगवताच्या लपणात दबून बसलेला, समोर लाकडाची किंवा प्लास्टिकची बनावट बदकं तरंगत सोडलेली. कुत्रा त्याच्याशेजारी, ताठ, शांत, नजर आकाशात. बघणाऱ्याला वाटतं, किती सोशिक जनावर आहे! प्रत्यक्षात त्या क्षणी कुत्र्याच्या अंगातला कण न् कण धाव घ्यायला आसुसलेला असतो. बार उडतो, बदक पडतं, तरी त्याने हलायचं नाही. तीन बदकं तीन दिशांना पडली तर तिन्ही जागा ध्यानात ठेवायच्या आणि नाव पुकारल्यावरच निघायचं, एकेक करून आणायची. पडताना न दिसलेलं बदक असेल तर शंभर-दीडशे पावलांवरून मालक शिट्टी वाजवतो. कुत्र्याने वळून बसायचं आणि हाताच्या खुणेने डावं, उजवं, मागे असं जायचं. सगळ्यांत अवघड परीक्षा आणखी वेगळीच असते. दुसरा कुत्रा आणायला जातो, तेव्हा याने गप्प बसून बघत राहायचं.

आणि हे सगळं करून पक्षी हातात द्यायचा तो पिसंही न विस्कटता. दात न रुतवता धरणं हा या जातीत पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला गुण आहे. तोंडात काहीतरी धरण्याची ओढ रक्तातली, पण शांत बसणं रक्तातलं नव्हे. ते महिनोन्‌महिने घोटून घेतलेलं असतं. चित्रकार नेमका तोच क्षण निवडतो, आणि चित्र बघून कुत्रा घेणारा माणूस घोटून घेतलेली गोष्ट जन्मजात समजून बसतो. लॅब्रॅडॉरबद्दलचे बहुतेक गैरसमज इथून सुरू होतात.

ही घडण झाली कुठे? नाव लॅब्रॅडॉरचं असलं तरी मूळ त्याच्या दक्षिणेचं, न्यूफाउंडलंड बेटावरचं. तिथल्या सेंट जॉन्सच्या आसपास कॉड मासे पकडणारे कोळी एक मध्यम बांध्याचा, आखूड दाट केसांचा काळा कुत्रा पाळत. गळावरून निसटलेला मासा धरायचा, दोरीचं टोक पोहत दुसऱ्या होडीला नेऊन द्यायचं, जाळं ओढायला मदत करायची, ही त्याची कामं. मोबदला म्हणजे माशांची डोकी आणि शेपट्या. या कुत्र्याच्या छातीवर आणि पंजांवर पांढरे ठिपके असत.

खारवलेला कॉड घेऊन जहाजं इंग्लंडच्या पूल बंदरात येत आणि त्यांच्याबरोबर हे कुत्रेही. जवळच जागीर असलेल्या माम्सबरीच्या अर्लनी ते विकत घेतले आणि पाणथळीतल्या शिकारीसाठी पाळले. स्कॉटलंडमध्ये बकल्यूच्या ड्यूकांच्या घराण्यानेही तेच केलं. १८८०च्या दशकात माम्सबरीकडचे नेड आणि एव्हन हे दोन नर बकल्यूकडे गेले आणि आजच्या लॅब्रॅडॉरचा वंश बऱ्याच अंशी तिथून धरला जातो. तिकडे न्यूफाउंडलंडमध्ये मेंढ्या वाढवायच्या म्हणून कुत्र्यांवर निर्बंध आणि कर आले, इकडे ब्रिटनने बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना अलग ठेवण्याचा कायदा केला. मूळ पाणकुत्रा हळूहळू संपला. शेवटच्या दोन म्हाताऱ्या नरांचे फोटो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका आडबाजूच्या गावात काढले गेले, तेव्हाही दोघांच्या छातीवर पांढरा डाग होता.

त्या डागाची चित्रातली नोंद मात्र खूप आधीची आहे. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२३मध्ये ‘कोरा’ नावाची लॅब्रॅडॉर मादी रंगवली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. या जातीचं ज्ञात असलेलं सर्वांत जुनं चित्र म्हणून त्याचं नाव घेतात. लँडसीअरचा भाऊ थॉमस धातूच्या पत्र्यावर कोरण्यात वाकबगार होता. एडविनने रंगवायचं, थॉमसने कोरायचं आणि छापील प्रती मध्यमवर्गीय इंग्रजांच्या दिवाणखान्यात जायच्या. अमेरिकी प्रतींच्या बाजाराचा पणजोबा म्हणायचा तर हाच. ट्रफाल्गर चौकातले चार सिंह ज्याच्या नावावर आहेत तो हाच लँडसीअर, पण त्याच्या काळात त्याची खरी मिळकत अशा प्रतींतूनही होती.

पुढे १९०३मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. रंगाबाबत लोक फार काळ कर्मठ राहिले. काळा तोच खरा, असं मानत, आणि पिवळं पिल्लू निघालं तर ते नकोसं होत असे. १८९९मध्ये जन्मलेला ‘बेन ऑफ हाइड’ हा नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर. खरं तर काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तिन्ही रंग एकाच घरात लपलेले असतात. एक जनुक ठरवतं की काळा रंग काळाच राहणार की चॉकलेटी होणार. दुसरं जनुक ठरवतं की तो रंग केसांत उतरणार की नाही. दुसऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कुत्रा पिवळा. म्हणून दोन काळ्यांच्या पोटी पिवळं पिल्लू येऊ शकतं, आणि पिवळ्याच्या नाकाचा रंग पाहिला की आत काळा दडलाय की चॉकलेटी ते कळतं. चित्रांच्या बाजारात अजूनही काळ्याचं राज्य आहे, पिवळा दुसरा.

चॉकलेटी रंगाची एक गोष्ट मात्र सौंदर्याच्या पलीकडची आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या नोंदी तपासून २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लॅब्रॅडॉरचं मध्यक आयुष्य १२ वर्षं निघालं, चॉकलेटींचं १०.७, बाकीच्यांचं १२.१. कान आणि कातडीचे आजारही चॉकलेटींत जास्त. रंगच घातक आहे असं नाही. ठरावीक रंगाच्या हट्टापायी मोजक्याच घराण्यांत जोड्या लावल्या जातात, तेव्हा रंगाबरोबर इतर दोषही पुढे सरकत असावेत, असा अंदाज आहे.

आता स्वभाव. ‘लॅब म्हणजे प्रेमळ’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं असतं, की त्याची तपासणी करावी असं कोणाला वाटत नाही. ती केली अमेरिकेतल्या संशोधकांनी. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी, असा पसारा असलेला हा अभ्यास २०२२मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. निष्कर्ष अनेकांना पचला नाही. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के भाग त्याच्या जातीवरून सांगता येतो. कोल्हेकुई करण्यात लॅब्रॅडॉर सगळ्यांत मागे, तरीही ८ टक्के मालकांनी सांगितलं की आमचा कधीकधी करतो. माणसाचं ऐकण्याची तयारी हा गुण मात्र इतर गुणांच्या मानाने जातीशी जास्त जोडलेला निघाला. रिट्रीव्हर, म्हणजे शिकार आणून देणाऱ्या वर्गाच्या कुत्र्यांची ख्याती नेमकी याच गुणावर उभी आहे.

म्हणजे अमुक एक लॅब्रॅडॉर भित्रा निघेल, दुसरा अंगावर येईल, तिसऱ्याला पाण्याचा तिटकारा असेल, हे सगळं शक्य आहे. पिल्लू घेताना जातीच्या नावापेक्षा आईबाप कसे वागतात हे समोर बसून पाहणं अधिक मोलाचं. आणखी एक भेद इथे फारसा कोणी सांगत नाही. परदेशात शिकारीच्या कामासाठी वाढवलेली घराणी आणि प्रदर्शनासाठी वाढवलेली घराणी आता वेगळी पडली आहेत. पहिली सडपातळ, चपळ, दिवसभर काम मागणारी. दुसरी रुंद छातीची, जड डोक्याची, थोडी संथ. भिंतीवरच्या चित्रांत बहुधा पहिला असतो. आपल्याकडे लोक ‘पपी’ म्हणून घेतात तो अनेकदा दुसरा, किंवा दोन्हींच्या मधलं काहीतरी.

भुकेचं मात्र खात्रीने सांगता येतं. केंब्रिजच्या एलिनर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये दाखवलं, की जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरांत ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातला चौदा अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचवण्यात या जनुकाचा वाटा आहे. तुकडा गळाला की निरोप अर्धवट राहतो. बिघडलेल्या प्रत्येक प्रतीमागे सरासरी दोनेक किलो वजन वाढतं. २०२४मध्ये त्याच गटाने आणखी एक प्रयोग मांडला. कुत्र्यांना आधी पोट भरेपर्यंत खाऊ दिलं, मग वेगळ्या दिवशी न्याहारीनंतर काही तासांनी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज बंद करून समोर ठेवलं. पोट भरायला दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना सारखंच जेवण लागलं, पण बिघाड असलेले त्या डब्याचा पिच्छा सोडेनात. शिवाय स्वस्थ बसलेले असताना त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतं. दुहेरी मार. म्हणजे पोळीच्या तुकड्यासाठी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसलेला तुमचा लॅब या चौथ्या हिश्श्यातला असेल तर तो हावरट नाही, त्याला खरोखर भूक लागलेली असते. तरीही तुकडा द्यायचा नाही, हे वेगळं.

२०१६च्या संशोधनात एक मासला मिळाला. अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या ८१ लॅब्रॅडॉरांपैकी ७६ टक्के कुत्र्यांत हा बिघाड होता. खाऊसाठी काहीही करायला तयार असलेला कुत्रा लवकर शिकतो, म्हणून निवड करणाऱ्यांनी नकळत भुकेलेलेच निवडले असावेत. ‘शहाणा’ म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्या शहाणपणात पोटाचा वाटा किती आणि डोक्याचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

भारतात लॅब्रॅडॉर आला तो साहेबांबरोबर आणि संस्थानिकांच्या हौसेतून. शिकारी कुत्रे रंगवण्यात हातखंडा असलेले इंग्रज चित्रकार रूबेन वॉर्ड बिंक्स यांनी पंचम जॉर्जप्रमाणे पतियाळाच्या महाराजांसाठीही कुत्र्यांची चित्रं काढली. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बदकाची शिकार इथे हळूहळू इतिहासजमा झाली. भिगवणला किंवा जायकवाडीला बदकं आली की आपण दुर्बीण घेऊन जातो. तोंडात मॅलार्ड धरलेल्या कुत्र्याचं चित्र पुण्यातल्या दिवाणखान्यात लागतं, तेव्हा त्यातली शिकार कोणाच्याच आठवणीतली नसते.

मराठी माणसाच्या स्मरणात लॅब्रॅडॉरचं चित्र वेगळं आहे, आणि तो फोटो आहे. नोव्हेंबर २०००मध्ये मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’वर अंत्यसंस्कार झाले. फुलांनी झाकलेला पिवळसर देह आणि वाकून पुष्पचक्र वाहणारा वर्दीतला वरिष्ठ अधिकारी. झंजीरचं प्रशिक्षण पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं. १९९२च्या अखेरीस तो बॉम्बशोधक पथकात आला आणि अडीच महिन्यांत १२ मार्च १९९३ उजाडला. त्या दिवशीच्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर धनजी स्ट्रीटवर उभ्या केलेल्या स्कूटरमधली स्फोटकं त्याने हुंगून काढली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं जमा आहेत. हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. २६/११च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हेही लॅब्रॅडॉरच. निवृत्तीनंतर त्यांना विरारच्या एका फार्मवर आसरा मिळाला. सीझर २०१६मध्ये गेला.

बॉम्ब शोधायला याच जातीचा कुत्रा का, याचं उत्तर पुन्हा त्या पाणथळीतच आहे. अशा कामासाठी कुत्रा निवडताना चेंडूचं वेड पाहतात. गवतात फेकलेला चेंडू दहा मिनिटं सापडला नाही तरी जो शोध सोडत नाही, तो कामाचा. मग स्फोटकाचा वास आणि चेंडू यांची सांगड घातली जाते. वास सापडला की चेंडू मिळतो, कुत्र्याच्या लेखी कथा एवढीच. पण सापडल्यावर भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही, कारण धक्का लागला तर सगळंच संपलं. वस्तूजवळ चुपचाप खाली बसायचं आणि हॅंडलरकडे बघायचं. बार झाल्यावर न हलणाऱ्या कुत्र्याकडून जे करून घेतलेलं असतं, तेच इथे कामी येतं.

घरात लॅब्रॅडॉर आणणाऱ्याला यातून काय मिळतं? पहिली दोन-तीन वर्षं चित्रातला शांत प्राणी दिसणार नाही. चपला, रिमोट, ओला टॉवेल, पाहुण्यांचं मनगट, सगळं तोंडात जाईल, बहुधा दात न रुतवता. ओरडून काही साधत नाही. तोंडात धरायला हक्काची वस्तू द्यावी आणि ती हातात आणून देण्याचा खेळ लावावा, म्हणजे रक्तातल्या ओढीला वाट मिळते. दोन थरांचे दाट केस थंड पाण्यासाठी घडलेले आहेत, विदर्भातल्या मे महिन्यासाठी नव्हे. फिरवणं पहाटे आणि रात्री. राखणदार म्हणून घेत असाल तर घेऊ नका. चोराला तो बहुधा चेंडू आणून देईल.

आणि ज्यांना कुत्र्याबरोबर चित्रही हवं आहे त्यांच्यासाठी एवढंच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद ओल धरतो आणि तपकिरी डाग पडतात. म्हणून काच आणि प्रत यांच्यामध्ये आम्ल नसलेल्या जाड पुठ्ठ्याचा माउंट घालायला सांगावा, मागची बाजू चिकटपट्टीने नीट बंद करून घ्यावी, उन्हाची तिरीप येणारी भिंत टाळावी. चौकट छातीच्या उंचीवर लावावी. लॅब्रॅडॉरची जाड शेपटी साधारण दोन फुटांवर फिरते, आणि त्या पट्ट्यात टेबलावरचे कप टिकत नाहीत, तिथे काच कुठून टिकणार.